श्रोत्याची प्रत

हॅम्बुर्ग शहरातील सांक्ट पाउली ही बंदरालगतची वस्ती. तेथील स्टार-क्लब नावाच्या नाचगाण्याच्या क्लबात १९६२ सालच्या डिसेंबरअखेरीस एक ध्वनिमुद्रण झाले. साधने अगदी साधी होती. रंगमंचापुढे एकच मायक्रोफोन आणि त्याला जोडलेले ग्रुंडिग कंपनीचे घरगुती रीळयंत्र; फितीची गती सेकंदाला पावणेचार इंच, म्हणजे संगीतासाठी फारच कमी. यंत्र सांभाळत होता क्लबाचा रंगमंच-व्यवस्थापक एड्रियन बार्बर. ध्वनिमुद्रण करवून घेणारा टेड टेलर हा स्वतः गायक होता आणि लिव्हरपूलच्याच दुसऱ्या वाद्यवृंदाचा प्रमुख होता. समोर गात होते बीटल्स. त्यांचे पहिले गाणे त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये बाजारात आले होते. जगाला मात्र त्यांचे नाव अजून ठाऊक नव्हते.

मराठी साहित्य शिकवणाऱ्यांनी या फितीविषयी का लिहावे, असे वाचकांस वाटणे साहजिक आहे. रॉक संगीताचे जाणकार म्हणवून घेण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु या फितीने उभे केलेले प्रश्न आमच्या ओळखीचे आहेत. मूळ संहिता कोणती, प्रत कोणाची, अशुद्ध प्रतीची किंमत कशी ठरवावी, कर्त्याला नको असलेली प्रत वाचावी की नाही, हे सारे पाठचिकित्सेचे प्रश्न होत. ते पोथ्यांच्या बाबतीत आपण शतकभर चर्चिले आहेत. आवाजाच्या बाबतीत मात्र आपण अजून त्यांच्याकडे पुरेसे वळलेलो नाही.

प्रथम त्या फितीची हकिकत पाहू. बीटल्स हॅम्बुर्गला प्रथम गेले १९६० च्या ऑगस्टमध्ये. १९६२ अखेरपर्यंत त्यांच्या पाच फेऱ्या झाल्या. रात्री तासन् तास गायचे, समोर खलाशी, पर्यटक आणि मद्यपी यांचा जमाव. तो उठून जाऊ नये म्हणून आवाज चढवायचा, गाणी लांबवायची. या कष्टांतून त्यांचा वाद्यवृंद घडला, असे त्यांचे चरित्रकार मानतात. डिसेंबर १९६२ ची फेरी शेवटची होती आणि ती त्यांना नकोशीच होती. कारण इंग्लंडात दिवस पालटू लागले होते. टेलर यांच्या म्हणण्यानुसार, पुढे त्यांनी या फिती व्यवस्थापक ब्रायन एपस्टाईन यांना दाखवल्या, तेव्हा वीस पौंड देऊ करण्यात आले. त्यानंतर फिती लिव्हरपूलमधील एका कार्यालयात पडून राहिल्या. १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी बीटल्सचे जुने व्यवस्थापक अॅलन विल्यम्स यांच्या पुढाकाराने त्या पुन्हा हाती आल्या. बराच खर्च करून त्यांतील खरखर कमी करण्यात आली आणि १९७७ मध्ये २६ गाण्यांचा ध्वनिमुद्रिका-संच प्रसिद्ध झाला. तो रोखण्याचा बीटल्सचा त्या वर्षीचा प्रयत्न फसला. मात्र १९९८ साली लंडनच्या न्यायालयात प्रकरण पुन्हा उभे राहिले. जॉन लेननने बिअरच्या मोबदल्यात तोंडी संमती दिली होती, असा टेलर यांचा दावा होता. जॉर्ज हॅरिसन स्वतः साक्षीला आला आणि त्याने हा दावा साफ धुडकावला. निकाल बीटल्सच्या बाजूने लागला.

आता फितीत काय आहे ते पाहावे. लेनन आणि मॅकार्टनी यांनी रचलेली गाणी तीत केवळ दोन. बाकी सारी दुसऱ्यांची, बहुतेक अमेरिकन. दोन गाणी तर क्लबातलीच माणसे गायली आहेत, बीटल्स त्यांना साथ करीत आहेत. गाण्यांच्या मधल्या जागेत श्रोत्यांशी थट्टामस्करी चालते, अर्धी इंग्रजीत, अर्धी मोडक्या जर्मनमध्ये. आवाज दबलेले, शब्द पुसट, लय मात्र धावणारी. या ध्वनिमुद्रणानंतर सहाच आठवड्यांनी, ११ फेब्रुवारी १९६३ रोजी, हेच चौघे लंडनच्या स्टुडिओत बसले आणि त्यांनी आपल्या पहिल्या मोठ्या ध्वनिमुद्रिकेतील बहुतेक गाणी एका दिवसात मुद्रित केली. माणसे तीच, वाद्ये तीच, काही गाणीही तीच. तरी या दोन प्रती शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लक्षात येते. स्टुडिओतल्या प्रतीत गायक आहेत. हॅम्बुर्गच्या प्रतीत गायक आणि श्रोते असे दोघेही आहेत. पहिलीत गाणे कसे असावे याचा निर्णय झालेला आहे. दुसरीत तो निर्णय अजून व्हायचा आहे.

हाच भेद मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला चटकन उमगतो, कारण आपले वाङ्मयच मुळी श्रोत्यांच्या प्रतींवर उभे आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये नेवाशाला सांगितली गेली. ती श्रोत्यांपुढे झालेली वाणी होती. लिहून घेणारे होते सच्चिदानंदबाबा, आणि ग्रंथाच्या अखेरीस त्यांचा उल्लेख लेखक म्हणून येतो. लीळाचरित्राची कथा तर याहून बोलकी आहे. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी त्यांच्या सहवासातील माणसांना गाठून, विचारून, पडताळून एकेक लीळा गोळा केली. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली. तेव्हा ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्या स्मरणातून ती पुन्हा लिहावी लागली. हिराइसेचे नाव त्यात प्रमुख. एकाच प्रसंगाची भिन्न स्मरणे महानुभावांनी ‘वासना’ या नावाने नोंदवली आहेत. एकाने असे ऐकले, दुसऱ्याने तसे ऐकले. दोन्ही ठेवावे, एकही खोडू नये, ही त्यांची शिस्त. सातशे वर्षांपूर्वी मराठी माणसांनी श्रोत्याच्या स्मरणाला इतका मान दिला होता.

दुसरी परंपरा शुद्धीकरणाची आहे. नाथांनी शके १५०६ मध्ये पैठणला ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. लेखकांच्या हातून शिरलेले अपपाठ काढून टाकले आणि यापुढे कोणी त्यात भर घालू नये असा दंडक घातला. नाथांचे हे उपकार थोरच आहेत. तरीही तीन शतकांनंतर इतिहासाचार्य राजवाडे यांना नाथपूर्व प्रतीचा शोध घ्यावासा वाटला. बीड-पाटांगण येथे मिळालेल्या जुन्या पोथीवरून त्यांनी १९०९ साली आपली ज्ञानेश्वरी छापली. त्या पोथीच्या काळाविषयी विद्वानांत पुष्कळ वाद झाले. परंतु राजवाड्यांचा मूळ आग्रह वादातीत आहे. शुद्ध केलेली प्रत कितीही सुंदर असली, तरी तिच्या मागची खडबडीत प्रत हरवता कामा नये. भाषा कशी होती, माणसे शब्द कसे उच्चारीत, हे त्या खडबडीतच सापडते. ती पोथी आमच्या जिल्ह्यातली, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते.

स्टुडिओतील ध्वनिमुद्रिका ही एका अर्थी नाथांची प्रत, आणि श्रोत्याने भरलेली फीत ही पाटांगणची पोथी. पहिली ऐकावी आनंदासाठी. दुसरी जपावी इतिहासासाठी. या दोहोंची किंमत एकाच तराजूत करण्याचा मोह टाळला पाहिजे.

महाराष्ट्राच्या संगीताकडे या दृष्टीने पाहिले की हानी केवढी झाली आहे ते कळते. अल्लादियाखाँसाहेब १९४६ पर्यंत हयात होते. कोल्हापूर आणि मुंबई येथे त्यांनी एक घराणे उभे केले. भारतात ध्वनिमुद्रण १९०२ मध्येच सुरू झाले होते, तरी खाँसाहेबांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. १९२२ साली निवर्तलेल्या भास्करबुवा बखल्यांचेही नाही. बालगंधर्वांचे गुरू म्हणून, ‘स्वयंवर’च्या चाली देणारे म्हणून भास्करबुवा आपणांस ठाऊक आहेत; पण त्यांचा स्वर आपण शिष्यांच्या गळ्यांतून अदमासाने ओळखायचा. आपल्या गायकीच्या इतिहासातील दोन मूळ प्रतीच अशा गहाळ आहेत, आणि आपण त्यांचा अभ्यास ‘वासनां’वरून करीत आहो.

ज्यांची ध्वनिमुद्रणे झाली त्यांचीही स्थिती पाहावी. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे मावत. तासभर फुलणारा ख्याल त्या मापात कोंबावा लागे: आलाप दोन ओळींचा, ताना घाईने, आणि संपले. केसरबाई केरकर यांच्या ध्वनिमुद्रिकांविषयीच्या नाखुशीची गोष्ट प्रसिद्ध आहे. गोव्यातील केरी गावी १८९२ मध्ये जन्मलेल्या या गायिकेने अल्लादियाखाँसाहेबांपाशी वर्षानुवर्षे तालीम घेतली होती; तिला हे तीन मिनिटांचे माप अपुरे वाटले असल्यास नवल नाही. नियतीचा खेळ असा, की १९७७ मध्ये अमेरिकेने अवकाशात पाठवलेल्या दोन व्हॉएजर यानांतील तबकडीवर पृथ्वीच्या संगीताचे नमुने निवडताना भारतातून केसरबाईंची भैरवी घेतली गेली, आणि तीही त्याच जुन्या मापाची. दुसरे यान सुटल्यावर अकरा दिवसांनी केसरबाई वारल्या. त्यांचे साडेतीन मिनिटांचे गाणे आंतरतारकीय अवकाशात गेले आहे. ज्या मैफलींनी त्यांना केसरबाई केले, त्यांतील रात्रीच्या रात्री मात्र समोरच्या श्रोत्यांबरोबरच विरून गेल्या.

घरगुती ध्वनिमुद्रणयंत्र आले आणि हे चित्र पालटू लागले. १९५० नंतर काही हौशी रसिकांनी रीळयंत्रे घेतली. १९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली, आणि पुढच्या दोन दशकांत ती भारतात घरोघर पोचली. मुंबई, पुणे, कोल्हापूर, धारवाड येथील दिवाणखान्यांतील बैठकी फितीवर उतरू लागल्या. आज आपण जुन्या पिढीतील गायकांचे सविस्तर राग ऐकतो, ते पुष्कळदा अशाच कोणा रसिकाच्या यंत्रामुळे. या फितींचे काही दोष सर्वांच्या परिचयाचे आहेत. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासात संपते, आणि ऐन तानेत गायक तोडला जातो. यंत्र तबल्याजवळ असेल तर तबलाच गातो. कोणी खोकतो, कपबशी वाजते. पण त्याच फितीत समेवर उठलेली दाद असते, सुरुवातीला तंबोरे जुळवतानाची कुजबुज असते, फर्माईश ऐकून गायकाने दिलेले उत्तर असते. गाणे ज्या समाजात झाले तो समाज तेथे बसलेला असतो. इतिहासाला याहून काय हवे?

परदेशी वाद्यवृंद आणि आपली भूमी यांची गाठ पडल्याचे एक उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. १९७२ मध्ये लेड झेपेलिन या इंग्रजी वाद्यवृंदातील जिमी पेज आणि रॉबर्ट प्लान्ट मुंबईत आले आणि तेथील वादकांना बरोबर घेऊन त्यांनी आपली दोन गाणी नव्याने मुद्रित केली. पाश्चात्त्य गिटार आणि आपली तंतुवाद्ये, तबला यांचा तो प्रयोग होता. तो त्या काळी अधिकृतपणे प्रसिद्ध झाला नाही. चार दशके तो चोरट्या प्रतींतून फिरत राहिला. संग्राहक एकमेकांना देत राहिले. अखेर २०१५ मध्ये वाद्यवृंदाने स्वतःच तो आपल्या एका ध्वनिमुद्रिकेच्या नव्या आवृत्तीत समाविष्ट केला. हे स्टुडिओतले काम असल्याने श्रोत्याची फीत म्हणता येणार नाही. तरी मुंबईच्या त्या प्रयोगाची आठवण अधिकृत बाजाराने नव्हे, अनधिकृत प्रतींनी टिकवली, हे विसरता येत नाही.

येथे आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. कलावंताने जे प्रसिद्ध करायचे नाकारले, ते जपण्याचा अधिकार श्रोत्याला कोणी दिला? हॅरिसनची न्यायालयातील चीड समजण्यासारखी आहे. पोरसवदा वयात, दमलेल्या आणि प्यायलेल्या अवस्थेत गायलेले गाणे पस्तीस वर्षांनी दुकानात मांडलेले कोणाला आवडेल? केसरबाईंनी यंत्राला नकार दिला असेल, तर त्या नकाराचाही मान राखला पाहिजे. आपल्या गायकांपैकी कित्येकांना मैफलीत यंत्र दिसले की राग येई, आणि त्यामागे अहंकाराइतकीच कलेविषयीची काळजी असे. मैफल ही त्या रात्रीपुरती असते, अशी त्यांची श्रद्धा होती.

आम्हांस वाटते, या वादात दोन भिन्न क्रियांची गल्लत होते. जपणे वेगळे आणि विकणे वेगळे. लंडनच्या न्यायालयापुढे प्रश्न विक्रीचा होता. आपल्याकडील कायदाही हा भेद जाणतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन गायक-वादकांना आपल्या सादरीकरणावर हक्क मिळाला; त्याच दुरुस्तीत, स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा निव्वळ अध्यापन-संशोधनासाठी केलेल्या ध्वनिमुद्रणाने त्या हक्काचा भंग होत नाही, असेही म्हटले आहे. कलावंताला बाजारावर हक्क असावा, अभ्यासकाला स्मरणावर. पोथी मठात राहू शकते, वाचकाला तेथे जाऊन ती पाहता येते, आणि तरी ती बाजारात मांडलेली नसते. आवाजाच्या पोथ्यांनाही असे मठ हवेत. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेने १९८२ मध्ये अशाच हेतूने संगीताचे एक संग्रहालय भारतात स्थापन केले. जिल्ह्याच्या पातळीवर तसे काही उभे राहावे, हा आमच्या लिहिण्याचा खरा रोख आहे.

कारण आमच्या भागात गमावण्याजोगे पुष्कळ आहे. परळी-अंबाजोगाईच्या परिसरातील धर्मापुरी हे गाव केदारेश्वराच्या मंदिरासाठी ओळखले जाते. ते कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले. त्या काळच्या मंदिरांच्या भिंतींवर सुरसुंदरी, नर्तकी आणि वादक कोरण्याची रीत होती. अशा शिल्पांतून वाद्य कसे धरले, बोटे कोठे ठेवली, हे सारे पाषाणाने आठशे-नऊशे वर्षे जपलेले दिसते. नाद मात्र त्याला जपता आला नाही. आपल्याजवळ नाद जपण्याचे साधन आले, आणि आपण पाषाणाइतकीही निष्ठा दाखवत नाही, असे म्हणण्याची वेळ आली आहे.

याच जिल्ह्याने वारकरी परंपरेतील पखवाजाचे थोर वादक शंकरबापू आपेगावकर दिले. येथे सप्ताह होतात, काकड्याचे भजन होते, भीमजयंतीला जलसे झाले, कविसंमेलने झाली. त्यांपैकी कितीतरी कोणी ना कोणी कॅसेटवर उतरवून घेतले. हे अधिकृत ध्वनिमुद्रण नव्हे; ही श्रोत्याची प्रत. माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी डॉ. आंबेडकरांवर गायलेल्या ओव्या १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झाल्या, त्या गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पामुळे. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या या प्रकल्पाने गोळा केल्या आणि २०१७ पासून त्या सर्वांसाठी खुल्या होत गेल्या. विजेची गिरणी आली, जाते थांबले, आणि जात्याबरोबर गळाही थांबला असता. तो थांबला नाही, कारण कोणीतरी यंत्र घेऊन वेळेवर उंबऱ्यात जाऊन बसले होते.

सर्वच ठिकाणी असे कोणी पोचले नाही. उरलेल्या कॅसेटी ट्रंकेत, माळ्यावर, देवघराच्या फडताळात आहेत. फितीवरील लोहाचा थर चिकटद्रव्याने धरलेला असतो. दमटपणाने ते चिकटद्रव्य सुटते, बुरशी धरते. लाउडस्पीकरजवळ ठेवलेली फीत त्यातील चुंबकाने बिघडते. पण सर्वांत मोठा शत्रू पुनर्मुद्रण हा आहे. आजोबांच्या भजनावर चित्रपटगीते भरली गेली, अशी उदाहरणे घरोघर आहेत. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन लहान प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर नवे ध्वनिमुद्रण होत नाही. एवढी साधी गोष्ट आधी करावी. मग डबीवर गाणाऱ्याचे नाव, गाव, तिथी किंवा तारीख, प्रसंग आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे नाव लिहावे. नाव-गाव नसलेली फीत म्हणजे पुष्पिका नसलेली पोथी. त्यानंतर जाणकाराकडून संगणकावर प्रत करून घ्यावी, आणि प्रत झाली म्हणून मूळ फीत टाकून देऊ नये. खरखर काढायची तर ती दुसऱ्या प्रतीतून काढावी. पहिली जशी आहे तशीच ठेवावी.

मराठी विभागांना यात मोठे काम आहे. विद्यार्थ्यांना लोकसाहित्याचे प्रकल्प आपण देतोच. ते बहुधा छापील पुस्तकांतून उतरवले जातात. त्याऐवजी प्रत्येकाने आपल्या घरातील किंवा गल्लीतील एक फीत शोधावी, ऐकावी, तिची संहिता लिहावी, पाठभेद नोंदवावेत आणि गायकाच्या घरच्यांची लेखी संमती घ्यावी. वर्षाला वीस विद्यार्थी धरले, तरी पाच वर्षांत शंभर फितींची वर्णनात्मक सूची एका महाविद्यालयात तयार होईल.

हॅम्बुर्गच्या क्लबातील त्या रात्री यंत्र चालू करणाऱ्याला आपण इतिहास लिहीत आहोत असे वाटले नसेल. सप्ताहात मांडवाच्या खांबाला टेपरेकॉर्डर टांगणाऱ्यालाही वाटले नाही. लिव्हरपूलच्या चौघांची फीत वाचली, कारण ते पुढे जगप्रसिद्ध झाले. आमच्या भागातील भजनी, शाहीर आणि ओव्या गाणाऱ्या बाया जगप्रसिद्ध होणार नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्या फिती कोणी शोधत येणार नाही. त्या आपणच शोधल्या पाहिजेत.